आपल्या न्यू जर्सीची रेल्वे केवढी?



गेल्या उन्हाळ्यात मिरजेहून आमच्या घरी आजी आली. आजी म्हणजे आमची आई. पण मुले झाल्यापासून आम्हीही तिला आजीच म्हणू लागलो. वय ७६. एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. घरात काठी घेऊन फिरते, लांब जायचे तर चाकांची खुर्ची लागते. बाकी प्रकृती ठणठणीत, आणि जीभ त्याहून ठणठणीत.

पहिला आठवडा कौतुकात गेला. दुसऱ्या आठवड्यात आजी म्हणाली, "अरे, तुम्ही सकाळी कामावर गेलात, मुले शाळेत गेली, की मी खिडकीशी. रस्त्यावर माणूस दिसत नाही. रिक्षा नाही. गाडी चालवायला येत नाही म्हणून मी काय घरातच बसायचे? या तुमच्या राज्यात आगगाडी नाही का?"

आजीने मिरज ते सांगली रोज रेल्वेने जाऊन तीस वर्षे शाळेत शिकवले. लहानपणी ती बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने पंढरपूरला गेलेली. तिचा प्रश्न आम्हाला चांगलाच लागला. "आहे की! केवढी मोठी आहे!" असे म्हणून आम्ही रेल्वेचा नकाशा आणला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला. ती किती "मोठी" आहे हे मोजण्यात आमचा उन्हाळा गेला. त्या मोजणीची ही हकिकत.

नकाशावर काय काय आहे?

न्यू जर्सी हे राज्य लहान. पुणे आणि रायगड हे दोन जिल्हे एकत्र केले तर जवळपास तेवढेच क्षेत्रफळ भरते. पण येथे ९० लाखांहून अधिक माणसे राहतात, आणि दर चौरस मैलामागे सर्वांत जास्त लोकवस्ती असलेले हे अमेरिकेतील राज्य आहे. दाट वस्ती म्हटली की रेल्वे हवीच.

रेल्वेचा इतिहासही येथे जुना आहे. अमेरिकेतील रेल्वेची पहिली सनद १८१५ मध्ये याच राज्याने जॉन स्टीव्हन्स यांना दिली. त्यांनी १८२५ मध्ये होबोकनला आपल्या जागेत गोल रूळ टाकून वाफेचे इंजिन चालवून दाखवले. बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली गाडी १८५३ ची, म्हणजे त्यानंतर २८ वर्षांनी.

आज या राज्यात प्रवासी रेल्वेचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार उपनगरी गाड्यांचा, म्हणजे मुंबईच्या लोकलचा अमेरिकन भाऊ. न्यू जर्सी ट्रान्झिट ही सरकारी संस्था १९७९ च्या कायद्याने स्थापन झाली आणि १९८३ पासून ती या गाड्या स्वतः चालवते. तिच्या नकाशावर दीडशेहून जास्त स्टेशने आहेत. ट्रेंटनपासून न्यूयॉर्कपर्यंतचा नॉर्थईस्ट कॉरिडॉर हा त्यातला हमरस्ता. सर्वांत लहान फाटा प्रिन्स्टनचा, जेमतेम पावणेतीन मैलांचा. त्याला सगळे लाडाने "डिंकी" म्हणतात.

दुसरा प्रकार जलद भुयारी गाड्यांचा. उत्तरेत "पाथ" आहे. तिची सुरुवात १९०८ ची. ती हडसन नदीच्या तळाखालून न्यूयॉर्कला जाते. एकूण १३ स्टेशने, त्यांपैकी ७ आपल्या बाजूला. दक्षिणेत "पॅटको" आहे, लिंडनवोल्डपासून फिलाडेल्फियापर्यंत. ती १९६९ मध्ये सुरू झाली. तिची आपल्या राज्यात ९ स्टेशने आहेत, आणि गाडीचा वेग सुरुवातीपासूनच यंत्र सांभाळते. म्हणजे आमच्या धंद्यातली करामत चंद्रावर माणूस उतरला त्याच वर्षी तेथे आली होती!

तिसरा प्रकार हलक्या गाड्यांचा, म्हणजे सुधारलेली ट्राम. नेवार्कची १९३५ पासूनची जुनी गाडी, हडसन नदीकाठची २००० मध्ये सुरू झालेली हडसन-बर्गन, आणि २००४ मध्ये सुरू झालेली ट्रेंटन ते कॅम्डन अशी ३४ मैलांची रिव्हर लाइन. तिन्ही मिळून ६२ स्टेशने.

सगळी बेरीज केली तर दोनशेच्या पुढे स्टेशने होतात. नकाशा पाहून आजी खूश झाली. म्हणाली, "मग शनिवारी निघू या."

शनिवारची फजिती

शनिवारी आम्ही सगळे घराजवळच्या स्टेशनावर गेलो. गाडी वेळेवर आली, दार उघडले, आणि समोर पायऱ्या! अरुंद, उंच, लोखंडी. फलाट जवळजवळ जमिनीलगत आणि गाडीची जमीन आमच्या कमरेच्या वर. आजीने दांडा धरला, एक पाय वर ठेवला आणि थांबली. गुडघा वाकेना. गार्ड भला माणूस होता. त्याने हात पुढे केला. पण मागून माणसे, पुढे वेळापत्रक. शेवटी आजीच म्हणाली, "जाऊ द्या गाडी. माझ्यापायी लोकांना उशीर नको."

गाडी गेली. आमची धाकटी रडवेली झाली. परतताना आजी काहीच बोलली नाही, आणि आजी बोलत नाही तेव्हा ते फार मोठे असते.

चूक आमचीच होती. नकाशावर काही स्टेशनांच्या नावाशेजारी चाकांच्या खुर्चीचे छोटे चिन्ह असते. ते आमच्या स्टेशनाशेजारी नव्हते, आणि आम्ही पाहिलेच नव्हते. इतकी वर्षे आम्ही त्याच पायऱ्या चढत होतो. ज्याला पायऱ्या त्रास देत नाहीत त्याला त्या दिसतच नाहीत.

फलाट उंच का नाहीत?

घरी आल्यावर मोठ्या मुलाने विचारले, "बाबा, सगळे फलाट गाडीएवढेच उंच का बांधत नाहीत?" प्रश्न साधा आहे, पण उत्तरात बरेच काही दडलेले आहे.

उपनगरी गाडीची जमीन रुळापासून साधारण ४ फूट उंच असते. उंच फलाटही तेवढाच, म्हणजे ४८ इंच. तिथे दारातून सरळ चालत आत जायचे, आपण घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो तसे. सखल फलाट मात्र रुळापासून जेमतेम ८ इंच. मधले अंतर पायऱ्यांनी भरून काढायचे.

एकाच राज्यात दोन उंची कशा? कारण हे जाळे कोणा एकाने आखलेले नाही. पेनसिल्व्हेनिया, लॅकावाना, ईरी, जर्सी सेंट्रल अशा खाजगी कंपन्यांनी एकमेकांशी चढाओढ करत आपापले रूळ टाकले. जिथे गर्दी प्रचंड होती, तिथे कंपनीने उंच फलाट बांधले, कारण माणसे लवकर चढली-उतरली की गाडी लवकर सुटते. लहान गावात स्वस्त आणि मस्त सखल फलाट. तेव्हा चाकांच्या खुर्चीचा विचार कोणी केलाच नाही.

दुसरे कारण मालगाड्यांचे. मालगाडीचे डबे प्रवासी डब्यांपेक्षा रुंद असतात. त्यांच्या वाटेत अगदी रुळाशी भिडलेला उंच फलाट आला तर घासाघीस व्हायची. त्यामुळे जिथे तोच रूळ मालगाडीही वापरते, तिथे उंच फलाट बांधणे अवघड होते.

तिसरे कारण जागेचे. मुलांनो, येथे थोडे गणित करू. चाकांच्या खुर्चीसाठी उतार किती असावा याचा नियम आहे: १ इंच चढायचे तर निदान १२ इंच लांबी हवी. मग ४८ इंच चढायला किती? ४८ गुणिले १२ म्हणजे ५७६ इंच, म्हणजे ४८ फूट! शिवाय एका दमात ३० इंचांपेक्षा जास्त चढ चालत नाही. मध्ये दम खायला ५ फुटांची सपाट जागा ठेवावी लागते. झाले ५३ फूट. जुन्या स्टेशनाच्या एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला कोणाची तरी भिंत असली की एवढी जागा आणायची कोठून? मग लिफ्ट, आणि लिफ्ट म्हटली की खर्च.

यावर एक मधला मार्ग निघाला. सखल फलाटाच्या एका टोकाला तेवढाच छोटा उंच चौथरा बांधायचा आणि त्याला उतार जोडायचा. गाडीचे ठराविक दार नेमके त्याच्यासमोर येते आणि गार्ड मधल्या फटीवर पत्र्याचा पूल टाकतो. यात अडचण एकच: दार नेमके समोर यायला हवे, आणि तुम्ही तिथे उभे आहात हे गार्डला कळायला हवे.

कायदा काय सांगतो?

अपंगांसाठीच्या अमेरिकन कायद्यावर २६ जुलै १९९० रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश, म्हणजे थोरले बुश, यांनी सही केली. मग आज इतक्या वर्षांनीही पायऱ्या का?

कारण कायद्याने सगळी जुनी स्टेशने एकदम बदलायला सांगितली नव्हती. प्रत्येक रेल्वेने आपली महत्त्वाची स्टेशने निवडायची आणि ती आधी सुधारायची. त्यासाठीसुद्धा खर्चिक कामांना लांबलचक मुदत होती. बाकीच्या जुन्या स्टेशनांची पाळी त्यांची मोठी दुरुस्ती निघेल तेव्हा. नवे स्टेशन मात्र पहिल्या दिवसापासून सर्वांसाठी खुले हवे.

हे कळले की नकाशाचा अर्थ लागतो. हडसन-बर्गन आणि रिव्हर लाइन या कायद्यानंतर बांधल्या, म्हणून त्यांची सगळी स्टेशने चाकांच्या खुर्चीला खुली आहेत. तिथे उलटी युक्ती केली आहे: फलाट वर न नेता गाडीच खाली आणली. डब्याचा दारांजवळचा भाग इतका सखल असतो की थोड्याच उंचीचा फलाट पुरतो. "पाथ" १९०८ ची, तरी तिची आपल्या बाजूची सातही स्टेशने आज खुली आहेत. ग्रोव्ह स्ट्रीटला लिफ्ट आली ती २०१७ मध्ये. नदीपलीकडे मात्र ख्रिस्तोफर स्ट्रीट, नववा, चौदावा आणि तेविसावा रस्ता या चार स्टेशनांवर अजून फक्त जिनेच आहेत. आणि उपनगरी गाड्यांच्या जुन्या फाट्यांवर चिन्ह नसलेली स्टेशने आजही भरपूर आहेत.

हा कायदा फक्त खुर्चीपुरता नाही बरे. फलाटाच्या कडेची पिवळी, गोल फोडांची पट्टी पाहिली आहे ना? ती २ फूट रुंद असते. दृष्टिहीन माणसाला पावलाने किंवा काठीने कळावे की पुढे कडा आहे, यासाठी ती असते. गाडीत स्टेशनाचे नाव बोलून सांगतात आणि पाटीवरही दाखवतात, तेही त्यातलेच. याचा फायदा मग सगळ्यांनाच होतो: बाबागाडी ढकलणाऱ्या आईला, विमानतळावरून दोन जड बॅगा ओढत येणाऱ्या काकांना, आणि पाय मुरगळलेल्या फुटबॉलपटूला.

मोजायचे कसे?

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. रेल्वे केवढी, हे मोजायचे कसे? मैल मोजून? स्टेशने मोजून?

समजा, एका मार्गावर १० स्टेशने आहेत. कोणत्याही दोन स्टेशनांमधला प्रवास ही एक जोडी धरली तर ४५ जोड्या होतात. आता समजा, त्यातल्या ५ स्टेशनांवरच आजी चढू-उतरू शकते. आम्हाला वाटले, निम्मी स्टेशने म्हणजे निम्मा प्रवास. पण नाही! चढायचे स्टेशनही खुले हवे आणि उतरायचेही. पाच स्टेशनांच्या जोड्या फक्त १० होतात. म्हणजे स्टेशने निम्मी, पण प्रवास पाव वाट्यापेक्षाही कमी.

हेच गणित उलट्या बाजूने गोड आहे. पाचाची सहा स्टेशने झाली की जोड्या १० वरून १५ होतात. एक स्टेशन सुधारले, पाच नवे प्रवास मिळाले. सहाची सात झाली की आणखी सहा. प्रत्येक नवे खुले स्टेशन आधीच्या सगळ्या खुल्या स्टेशनांना उपयोगी पडते. म्हणून "एवढ्याशा स्टेशनासाठी एवढा खर्च कशाला?" असे कोणी म्हणाले तर हे गणित त्यांना जरूर दाखवा.

आणखी एक हिशेब. एका सफरीत चार लिफ्ट लागतात असे समजा, आणि प्रत्येक लिफ्ट १०० पैकी ९५ दिवस चालू असते असे धरा. ऐकायला छान वाटते. पण चारही एकाच दिवशी चालू असण्याची शक्यता शेकडा सुमारे ८१ च. म्हणजे जवळजवळ दर पाचव्या सफरीला कोठेतरी दार बंद. म्हणून लिफ्ट नुसती बसवून भागत नाही, ती चालू ठेवावी लागते. आणि निघण्याआधी लिफ्ट चालू आहे ना, हे पाहून निघावे.

आजीची सफर

पुढच्या शनिवारी नकाशावरची चिन्हे पाहून आम्ही नवी योजना आखली. मोटारीने मेट्रोपार्कला गेलो. हे १९७१ मध्ये सुरू झालेले स्टेशन. आता तेथे लिफ्ट आणि उंच फलाट आहेत. गाडी आली, दार उघडले, आणि आजीची खुर्ची सरळ आत. इतके सोपे की आजीने मागे वळून विचारले, "चढलो आपण?"

नेवार्कला उतरून "पाथ" पकडली आणि एक्स्चेंज प्लेसला गेलो. हे स्टेशन जमिनीखाली खूप खोल आहे. लिफ्टने वर आलो तर समोर हडसन नदी आणि पलीकडे सारे मॅनहॅटन! आजी पाच मिनिटे नुसती पाहत राहिली. मग तिथूनच हलक्या गाडीने नदीकाठाने होबोकनला. १९०७ चे ते भव्य टर्मिनस पाहून तिला बोरीबंदर आठवले. १९३० मध्ये तेथून पहिली विजेची गाडी निघाली तेव्हा गाडीचा दांडा थॉमस एडिसन यांच्या हातात होता, हे मुलांनी तिला सांगितले. येताना एका लिफ्टवर "बंद" अशी पाटी होती. फेरा घेऊन वीस मिनिटे उशीर झाला, पण घरी पोचलो.

रात्री आजीने तांबडी पेन्सिल मागितली. नकाशासमोर खुर्ची ओढली आणि जिथे चिन्ह होते त्या प्रत्येक स्टेशनाभोवती गोल काढला. मग लांबून पाहून म्हणाली, "हा माझा नकाशा. तुमचा एवढा मोठा, माझा एवढासा. पण अरे, तुम्हीही म्हातारे होणारच आहात. तेव्हा तुमचा नकाशा हाच."

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. राज्याची रेल्वे केवढी, याचे उत्तर आम्ही स्टेशनांची बेरीज करून शोधत होतो. खरे उत्तर आजीच्या तांबड्या गोलांत होते.

त्यानंतर आजी तीन वेळा गाडीने गेली. तिसऱ्या खेपेला फक्त नातवाला बरोबर घेऊन. आम्हाला म्हणाली, "तुम्ही दोघे या वेळी घरी थांबा." संध्याकाळी ती परत आली तेव्हा खिडकीशी आम्ही बसलो होतो.

मुलांसाठी उपक्रम

१. रेल्वेचा नकाशा मिळवा. आपल्या घराजवळच्या मार्गावरची सगळी स्टेशने मोजा. मग खुर्चीचे चिन्ह असलेली मोजा. वर दिल्याप्रमाणे दोन्हींच्या जोड्या काढा.

२. आईबाबांबरोबर जवळच्या स्टेशनावर जा. फलाट उंच की सखल? उतार आहे का? पिवळी पट्टी आहे का? फाटकापासून फलाटापर्यंत किती पायऱ्या आहेत? वहीत लिहा.

३. आपल्या स्टेशनाशेजारी चिन्ह नसेल तर रेल्वेला एक पत्र लिहा. तक्रारीचा सूर नको. आपल्या आजी-आजोबांना कोठे जायचे आहे आणि काय अडते, एवढेच लिहा. आधी मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा, मग इंग्रजीत करून पाठवा. सगळी पत्रे एकाच पाकिटात पाठवण्याची जबाबदारी आमची.

पालकांना एकच विनंती. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी उन्हाळ्यात भारतातून आई-वडील येतात. आयुष्यभर एस.टी. आणि रेल्वेने एकट्याने हिंडलेली ही माणसे येथे आली की मोटारीच्या चावीवाचून अडून बसतात. त्यांना मॉलमध्ये नेण्याआधी एकदा नकाशा आणि तांबडी पेन्सिल द्या. बाकीचे ते स्वतः पाहतील.

आजी पुढच्या वर्षी परत येणार आहे. तिचा नकाशा अजून भिंतीवर आहे. तोवर त्यात निदान एका गोलाची भर पडावी, आणि तो आमच्या घराजवळच्या स्टेशनाभोवती असावा, एवढीच आमची इच्छा.